तीन कुंड्यांची ओळखपरेड

मुलीने म्युनिकजवळच्या गावात घर बदललं तेव्हा आधीचे भाडेकरू अंगणात तीन मोठ्या कुंड्या ठेवून गेले होते. तिन्हींत पाम. ऑक्टोबर उजाडला आणि घरमालकीणबाईंनी सांगितलं, "यातले काही हिवाळ्यात आत घेतात, काही बाहेरच राहतात." कुठले आत आणि कुठले बाहेर, हे त्यांनाही माहीत नव्हतं. जिन्याखाली खिडकीपाशी जागा होती, तिथे एक कुंडी मावली असती, फार तर रेटून दोन. मुलीने फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "आई, तू झाडांतली ना? सांग आता."

मी झाडांतली म्हणजे कोथरूडच्या गच्चीवर थोड्या कुंड्या आणि सोसायटीच्या बागेची देखरेख, एवढंच. पाम म्हटल्यावर पुण्यात आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? हिरवळीच्या कडेने उभे रॉयल पाम, ज्यांना निम्मं पुणं बॉटल पाम म्हणतं. लिफ्टशेजारी उजेडावाचून पिवळा पडत चाललेला अरेका. मंगल कार्यालयाच्या दारातला ट्रॅव्हलर्स पाम, जो पाम नाहीच, केळीच्या गोतावळ्यातला आहे. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीत नाव विचारलं तर "पाम आहे मॅडम, शोचा" असं उत्तर मिळतं आणि त्याला जोडून किंमत. एवढ्या शिदोरीवर बर्फातला पाम ओळखायचा होता.

आमच्या शेजारच्या इमारतीत वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल हातातही घेतला नाही धड. "हे सगळे लांबून काढलेले आहेत. लांबून सगळे पाम छानच दिसतात. तिला म्हणावं देठाची कड, देठ खोडाला चिकटतो ती जागा आणि पानाची घडी, एवढं जवळून काढ. पूर्ण झाडाचा फोटो नकोच."

मी म्हटलं, "पण थंडी किती सोसतात तेवढं सांगा ना." तर म्हणाले, "कोणाची थंडी विचारताय, ते आधी ठरू दे."

तेव्हा मला ते जरा आडमुठं वाटलं होतं. इकडे ऑक्टोबरचा उकाडा, तिकडे रात्रीचा पारा शून्याकडे निघालेला. गंमत म्हणजे म्युनिक समुद्रसपाटीपासून साधारण ५२० मीटरवर आहे आणि आपलं पुणं ५६०. उंची जवळपास सारखीच. पण ते ४८ अक्षांशावर आणि आपण साडेअठरावर. पाषाणला पारा आठवर आला की आपण पेपरात वाचून कानटोपी काढतो. तिथे जानेवारीत उणे दहा ही बातमीही होत नाही.

पहिली कुंडी पंख्याच्या पानांची. कमरेएवढं खोड, आणि खोडाभोवती तपकिरी, जाडाभरडा काथ्या गुंडाळलेला. मुलीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "देठाच्या कडेवरून अंगठा फिरव. हळू." तिने फिरवला. "काही नाही गं, गुळगुळीत आहे. थांब... नाही, उलट्या बाजूने बारीक खरखरतंय." सरांनी मान डोलावली. ट्रॅकिकार्पस. चीनचा हा पाम, पूर्ण नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चीनच्या चुसान बेटावर, म्हणजे आजच्या झोउशानला, तो पाहिला आणि इंग्लंडला धाडला, म्हणून त्याचं नाव याला चिकटलं. चीनमध्ये याच काथ्यापासून दोऱ्या, ब्रश आणि पावसात घालायचे झगे करत आले आहेत. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, तिचिनोमध्ये, तो बागांतून निसटून जंगलात इतका माजला की २०२४ च्या सप्टेंबरपासून त्या देशात त्याच्या विक्रीवरच बंदी आली. बर्फाच्या देशात पाम उपद्रवी तण ठरतो, हे ऐकून माझा अर्धा धीर तिथेच परतला.

दुसरी कुंडीही पंख्याच्याच पानांची, पण एका बुडातून पाच-सहा खोडं फुटलेली, बुटकी. जावईबापूंचं म्हणणं, ती पहिलीचीच पिल्लं असतील. पुन्हा अंगठा. या वेळी लेकीने "आई गं!" म्हणून हात मागे घेतला. देठाच्या दोन्ही कडांना लांब, सरळ, सुईसारखे काटे, टोकं पानाच्या दिशेने. हा शॅमेरॉप्स ह्युमिलिस, भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने रानात उगवणारा. इटलीतल्या पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ साली लावलेला एक शॅमेरॉप्स आजही जिवंत आहे. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये तो पाहून गेला म्हणून त्याला गटेचा पाम म्हणतात. पण चारशे वर्षांहून म्हातारं ते झाड काचघरात आहे, हे लक्षात ठेवायचं, हे सरांनी मुद्दाम बजावलं.

पंख्याच्या पानांचा तिसरा एक गडी या दोघांच्या जोडीने कायम घोटाळा करतो, तो वॉशिंग्टोनिया. तो पुण्यात सहज बघायला मिळतो, म्हणून सर मला एका नर्सरीत घेऊन गेले. त्याच्या देठाला करवतीसारखे आकडेबाज दाते, आणि पानाच्या चिरांमधून पांढरे दोरे लोंबतात. लहान रोपाला दोरे जास्त. एकदा हात लावून पाहिला की पुढे फोटोतही ओळखू येतो. हे तिघं वेगळे करता येणं म्हणजे नुसती हौस नाही. वॉशिंग्टोनिया रोबस्टाची पानं उणे चार-पाचलाच जायला लागतात, शॅमेरॉप्स उणे दहाच्या आसपास टिकतो, आणि जमिनीत नीट रुजलेला मोठा ट्रॅकिकार्पस उणे बारा, कधी उणे पंधराही काढतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातला नीडल पाम उणे वीसच्याही खाली तगतो, पण तो युरोपातल्या साध्या दुकानात क्वचित मिळतो.

तिसऱ्या कुंडीतलं पान पिसासारखं, लांबलचक. मुलीला ते नारळाचं भावंड वाटत होतं. मी विचारलं, "पानाच्या बुडाशी काटे आहेत का?" "आहेत म्हणजे? काल एक बोटात मोडला." मग मला फार काही विचारायचं उरलं नाही. ज्या घरात लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी येते त्या घरातल्या कुणीही शिंदीचं पान हाताळलेलं असतं, आणि हा शिंदीच्याच घराण्यातला, फिनिक्स.

तरी सरांनी मला खडकवासल्याच्या पुढे ओढ्याकाठी नेलंच. तिथे नीरेसाठी छाटलेल्या शिंदी उभ्या होत्या, खोडावर आलटून पालटून जुने काप. सरांनी खाली पडलेल्या झावळीची एक पाती तोडून माझ्या हातात दिली आणि बुडाशी घडी कशी आहे ते बघायला सांगितलं. शिंदीच्या पातीची घडी वर उघडी असते, पन्हळीसारखी. पाणी टाकलं तर तिच्यात थांबतं. नारळ, सुपारी, अरेका, रॉयल पाम यांची घडी उलटी, पाणी दोन्हीकडे ओघळून जातं. पिसासारखं पान, वर उघडी घडी, बुडाच्या पात्या काटे झालेल्या आणि शेंड्याला एकच पाती: हे सगळं एकत्र दिसलं की फिनिक्सच. मी त्याच दिवशी मुलीकडून तसाच फोटो मागवला. घडी वर उघडी होती. गडद हिरवा रंग, जाड बुंधा, बाजूने एकही पिल्लू नाही. सरांनी कॅनरी बेटांवरचा फिनिक्स कॅनारिएन्सिस असं नाव दिलं. खजूर असता तर पानं राखाडी झाक मारणारी असती आणि बुडाशी पिल्लं येण्याचा संभव असता.

कॅनारिएन्सिसची पानं उणे सहा-सातला करपतात. त्यामुळे जिन्याखालची पहिली जागा त्याची, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुसऱ्या जागेवरून मात्र घरात वाद पेटला. जावईबापू सॉफ्टवेअरमधले, त्यांनी तक्ता करून ठेवला होता. त्यात शॅमेरॉप्सपुढे उणे बारा लिहिलेलं. "मग तो बाहेर राहू दे की, जिन्यात सायकल ठेवता येईल." सर त्यांना शांतपणे म्हणाले, "तो आकडा जमिनीतल्या, कोरड्या, मोठ्या झाडाचा आहे, आणि तोही एखाद्या रात्रीपुरता. तुमचं झाड कुंडीत आहे. कुंडीतल्या मुळांना थंडी चहूबाजूंनी लागते, जमिनीत ती फक्त वरून लागते." जावईबापू हो हो म्हणाले, आणि सायकल जिन्यात गेली.

थंडीची तयारी मी इथूनच करून घेतली. सरांनी सांगितलेलं, मी मराठीत व्हॉट्सॲपवर लिहायचं, मुलीने करायचं. ऑगस्टनंतर नत्राचं खत बंद, नाही तर कोवळी वाढ होते आणि ती आधी मरते. हिरवं पान एकही कापायचं नाही. आपल्याकडे माळी 'साफसफाई' म्हणून पामचं डोकं बोडकं करतात, तो प्रकार तिथे तर जिवावरच बेततो, कारण बाहेरची पानं आतल्या कोंबाला पांघरूण देतात. कुंड्या दक्षिणेकडच्या भिंतीला टेकवून लाकडी पट्ट्यांवर उचलायच्या, बाजूने जुनी रजई किंवा बबल प्लास्टिक, मातीवर वाळकी पानं. शेंड्याची पानं सैल बांधून वरून हवा जाऊ देणारं पांढरं फ्लीसचं कापड. प्लास्टिकची पिशवी डोक्यावर अजिबात नाही, आत घाम धरतो आणि तोच गोठतो. आठवडाभर पारा शून्याच्या वर राहिला की कापड काढून हवा खाऊ द्यायची. अगदी कडक रात्रींसाठी खोडाभोवती दिव्यांची माळ गुंडाळायची, पण जुन्या, तापणाऱ्या दिव्यांची. एलईडीच्या माळेने शोभा येते, ऊब येत नाही.

पाणी हा सगळ्यात कटकटीचा भाग. माती गोठली की मुळं पाणी ओढू शकत नाहीत, आणि वारा पानातलं पाणी उडवत राहतो. पान वाळतं ते बऱ्याचदा त्यामुळे. म्हणून गोठण्याच्या आधी माती किंचित ओलसर हवी. पण शेंड्यात साठलेलं पाणी मात्र नको. थंडीत शेंड्यात पाणी, वर गोठणं, मग वितळणं, पुन्हा गोठणं, हे दोन-चारदा झालं की कोंब सडायला लागतो. पामला वाढीचा डोळा प्रत्येक खोडाच्या टोकाला एकच असतो. आंबा-पिंपळाची फांदी मोडली तर बाजूने फुटवा येतो, पामच्या एकांड्या खोडाचा तो डोळा गेला की झाडच गेलं.

हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर गुहागरचं. पावसाळ्यात माडाचा कोंब कुजतो म्हणजे काय ते लहानपणापासून पाहिलंय. मधलं कोवळं पान आधी मलूल होतं, मग फिकट, आणि ओढलं तर हातात येतं. म्हणून दादा पावसाआधी गड्याला वर चढवून शेंड्यात बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, सोडायला लावायचे. कुजलेल्या कोंबाची दुर्गंधी अशी की त्या माडाखाली थांबवत नसे. गुहागरचा रोग बुरशीजन्य आणि पावसाळी हवेतला, तर म्युनिकचा थंडीने इजा झाल्यावर शिरलेल्या जंतूंचा. तरी दोघांचं दुखणं एकाच जागेचं, आणि दोन्हीकडे आत साचलेलं पाणीच घात करतं.

फेब्रुवारीत आठवडाभर पारा उणे दहाच्या खाली गेला. मार्चमध्ये कापडं काढली तेव्हा ट्रॅकिकार्पसची बाहेरची तीन पानं टोकाला करपलेली, बाकी झाड ठणठणीत. कॅनारिएन्सिस जिन्याखाली धूळ खात होता, पण हिरवा. शॅमेरॉप्स वरून बरा दिसत होता. मी म्हटलं, "मधलं पान धरून हलकेच ओढ." मुलगी म्हणाली, "ओढलं... आई, ते आलं." तिने कॅमेऱ्यासमोर धरलं: वरचा हातभर भाग हिरवागार आणि बुडाचा वीतभर भाग तपकिरी, लिबलिबीत. तिने नाकाजवळ नेलं आणि चेहरा फिरवला. मला इथे कोथरूडमध्ये बसून तो वास आला.

जावईबापूंनी त्या दिवशी सायकल जिन्यातून बाहेर काढली. काही बोलले नाहीत, तक्त्यात मात्र एक रकाना वाढला: 'कुंडी / जमीन'.

उपाय सोपा होता. बुडापर्यंत सैल झालेलं सगळं काढून टाकायचं, पोकळीत तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस बसला की ते पाणी निथळू द्यायचं, आणि काही दिवसांनी पुन्हा. पाम लावणारे लोक हे सर्रास करतात. वर छोटं छप्पर करून पाऊस अडवायचा. सरांनी पुढचं सांगून ठेवलं होतं, म्हणून कुणी घाबरलं नाही: नवं पान येईल ते वरून सरळ कापल्यासारखं, थोटकं येईल, कारण त्याचा वरचा भाग कोंबातच मेलेला असतो. तसंच आलं, जूनमध्ये. सहा खोडांपैकी एक मेलं, एकाचं पान थोटकं, बाकीच्यांना काही झालं नाही. अनेक खोडांच्या पामचा हा फायदा. तो एकांड्या खोडाचा असता तर आशा फारच थोडी.

त्या जूनमध्ये मी स्वतः गेले होते. घरमालकीणबाईंनी परवानगी दिली आणि आम्ही ट्रॅकिकार्पस कुंडीतून काढून भिंतीपाशी जमिनीत लावला. वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला लावावा, म्हणजे थंडीआधी मुळं पसरायला महिने मिळतात. खोड मातीत जास्त गाडायचं नाही. खाली रेव घालून निचरा केला. काथ्याला मी पहिल्यांदाच हात लावला. बाहेरून राठ, पण थर बाजूला केले की आत कोवळा, बारीक विणीचा, जाळीदार. देठाच्या तळाशी त्याची लांब, वाळलेल्या फितीसारखी टोकं मोकळी सुटतात. ते नीट पाहून घे, असं सरांनी निघताना सांगितलं होतं, आणि ते का, ते त्यांच्या गच्चीवरच्या एका रोपाकडे पाहिल्यावर कळतं.

हिमालयातल्या एका नर्सरीतून त्यांनी 'ताकिल' म्हणून आणलेलं ते रोप. ट्रॅकिकार्पस ताकिल हा आपल्या कुमाऊंचा पाम, पिथोरागढजवळच्या थळकेदारच्या डोंगरात दोन हजार मीटरच्या वर वाढणारा, इटलीच्या ओदोआर्दो बेकारीने १९०५ मध्ये नोंदवलेला. आता रानात फार थोडा उरलाय. जगभर 'ताकिल' म्हणून विकली गेलेली खूपशी रोपं पुढे फॉर्च्युनाय निघाली. कारण लहानपणी ओळखायला काही नसतंच. मी स्वतः गच्चीवर शिंदीच्या बिया रुजवल्या तेव्हा हे पाहिलं. बीमधून आधी एक पांढरा कोंब खाली घुसतो, आणि पान निघतं ते बीपासून अंतरावर, त्या कोंबाच्या पोटातून. उगवलं का म्हणून उकरून बघणाऱ्याच्या हातून तो हमखास मोडतो. मग येतं ते गवतासारखं एकच पातं. पंख्यावाला असो की पिसावाला, पहिलं पान बहुतेकांचं तसंच. दोन वर्षांच्या रोपावर कोणी 'ताकिल' म्हणून पाटी लावली तर ती खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि विकणाऱ्याकडे सिद्ध करायलाही नाही.

मोठं झाल्यावर फरक त्या काथ्याच्या टोकांत दिसतो. फॉर्च्युनायची टोकं लांब फितीसारखी, ताकिलची आखूड, त्रिकोणी. सरांचं रोप गुडघ्याएवढं झालंय आणि तिथेच अडकलंय. आपला एप्रिल त्याला मानवत नाही. दिवसाच्या चाळिशीपेक्षा रात्री उतरत नसलेला उकाडा जास्त जाचतो, असा सरांचा कयास आहे. अर्ध्या सावलीत ठेवलं, मुळांवर पाचोळा टाकला, तरी उन्हाळाभर ते नुसतं उभं असतं आणि नोव्हेंबरात नवं पातं काढतं. या पावसाळ्याआधी ते पाचगणीला त्यांच्या मेहुण्यांच्या अंगणात जाणार आहे. वेण्णा तलावाकाठी थंडीत दवबिंदू गोठल्याची बातमी दरवर्षी येते, तेवढी थंडी त्याला काहीच नाही. पण महाबळेश्वर पट्ट्यातला पाऊस शेंड्यात किती साचेल याची सरांना काळजी आहे. उताराची जागा बघायला सांगितलीय.

म्युनिकच्या ट्रॅकिकार्पसने दुसरा हिवाळा जमिनीत काढला. पांघरूण कमी, दिव्यांची माळ अजिबात नाही. मे महिन्यात पानांच्या बेचक्यातून पिवळा, भरगच्च तुरा बाहेर आला. ट्रॅकिकार्पसमध्ये नर-मादी झाडं वेगळी असतात. लेकीला निळसर-काळ्या फळांची आशा होती. तिने तुऱ्याचा जवळून फोटो पाठवला, सरांनी भिंग लावून पाहिलं आणि "नर" म्हणून मोबाइल परत दिला.

आता तिच्या शेजारणींनीही फोटो पाठवायला सुरुवात केलीय. गेल्या आठवड्यात एकीने आपला 'सागो पाम' यंदा बाहेर ठेवायचा का, असं विचारलं. तो सायकस निघाला, म्हणजे पामच नाही. आत घ्यायला सांगितलं.